अकरा वर्षं न उघडलेली रंगपेटी

ओंजळ

रविवारी माळा आवरताना एक पेटी हाती लागली. जलरंगांच्या बारा ट्यूब, दोन ब्रश आणि जाड कागदांची एक वही. ११ वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतली होती. मला वनस्पतींची चित्रं काढायची होती, शास्त्रीय पुस्तकांत असतात तशी. पानाच्या कडेचा प्रत्येक दाता, देठावरची लव, शिरा कुठून फुटतात ते, सगळं जिथल्या तिथे. शाळेत असल्यापासून मनात आहे हे.

एक ट्यूब उघडायला गेले तर टोपण फिरेना. जोर लावला तर ट्यूब मानेपाशी पिळवटून फाटली. आत रंगाचा अगदी खडा झालेला. मी तशीच शिडीवर बसून राहिले. रडू आलं, खरं सांगते.

वय ४३. नोकरी आहे, दोन मुलं आहेत, सासूबाई आमच्याकडेच असतात. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मुलं जरा मोठी होऊ देत, कर्ज फिटू दे, नोकरीत बस्तान बसू दे. मुलं मोठी झाली, कर्ज फिटलं. पेटी माळ्यावरच राहिली.

'मनात आणलं तर सगळं होतं' हे मला बऱ्याच जणांनी सांगून झालंय. संसार सांभाळून, उशिरा, ज्यांनी काही सुरू केलं त्यांना विचारायचंय. तुमच्या वाटेत नक्की काय आडवं आलं होतं? ते कसं दूर केलंत? आणि दूर झालं नसेल तर तेही लिहा, मला तेही ऐकायचंय.

पानगळ

ओंजळ, शिडीवरची तू डोळ्यांसमोर आलीस. सविस्तर लिहिते रात्री.

काचघासू

ओंजळताई, माझं स्वप्न दुर्बिणीचं होतं, आणि तीही आरसा स्वतःच्या हाताने घासून केलेली. दोन गोल जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडम या फार कठीण पदार्थाची पूड आणि पाणी घालायचं आणि वरची काच मागे-पुढे सरकवत, थोडी थोडी फिरवत राहायची. असं तासन्‌तास केलं की वरची काच खोलगट होत जाते (तिचाच पुढे आरसा होतो) आणि खालची फुगीर. मग पूड टप्प्याटप्प्याने बारीक करत न्यायची. भरड पुडीचा एक कण जरी बारीकच्या फेरीत शिरला तर काचेवर ओरखडा पडतो आणि तुम्ही पुन्हा मागच्या टप्प्यावर.

तीन महिन्यांत आरसा तयार, असं मी ठरवून बसलो होतो. चौथ्या महिन्यात ओरखडा पडला. मी दोन्ही काचा कापडात गुंडाळून ठेवल्या आणि दोन वर्षं त्यांच्याकडे बघितलं नाही. घासणं काही अवघड नव्हतं. ठरल्यापेक्षा मागे पडलो, त्या अर्थी हे आपलं काम नाही, असं मनाने घेतलं.

पुढे १९९४ सालचा एक अभ्यास वाचनात आला, बूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा. प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील? ४९. प्रत्यक्षात लागले साधारण ५५. त्यांनी धरलेला वाईटात वाईट अंदाजसुद्धा कमी पडला! ते वाचल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चुकला होता तो माझा अंदाज, आणि तो तर सगळ्यांचाच चुकतो. त्यापायी मी दोन वर्षं घालवली.

दुसऱ्या खेपेला तारीख ठरवलीच नाही. वेळही ठरवली नाही. ठरवलं ते एवढंच की ऑफिसातून आलो, बूट काढले, की हात धुवून थेट स्टुलापाशी आणि वीस मिनिटं घासायचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिलंय. नुसतं 'मी हे करणार' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करणार' असं बांधून ठेवलं तर काम होण्याची शक्यता चांगलीच वाढते. माझ्यापुरतं तर ते शंभर टक्के खरं ठरलं. आणखी एक, काचा कपाटात ठेवायच्या नाहीत. स्टूल गॅलरीत कायम मांडलेलं, वर ओलं फडकं. मांडामांड आणि आवराआवर यातच माझी निम्मी इच्छा मरायची.

एकूण १४ महिने लागले. ज्या रात्री त्या आरशात पहिल्यांदा शनीची कडी दिसली, त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवलं.

हिशोबनीस

पैशाबद्दल कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

मला लाकडी फर्निचर करायचं होतं. ३४ व्या वर्षी 'आता नाही तर कधीच नाही' म्हणत नोकरीचा राजीनामा दिला आणि भाड्याची जागा घेतली. हात चांगला होता, पण पहिल्या चार महिन्यांत दोन गिऱ्हाइकं आली. पैसे आटत चालले तसा हात बिघडत गेला. हे कुणी सांगत नाही. रात्री हप्त्याचा विचार करणारा माणूस सकाळी साधा चूल-साल जोड, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, नीट बसवू शकत नाही. दीड मिलिमीटरची फट राहायची, आणि ती भुश्श्याने बुजवून मी माल देत होतो. नवव्या महिन्यात जागा सोडली. पुन्हा नोकरी धरली.

दुसऱ्या वेळी नोकरी सोडलीच नाही. शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी दीड तास. सहा वर्षं असं केलं. तेव्हा वाटायचं, आपण अर्धवट आहोत, ज्याच्यात धमक असते तो उडी घेतो. नंतर कळलं की अमेरिकेतल्या हजारो लोकांवर याचा अभ्यास झालाय. रॅफी आणि फेंग या संशोधकांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. नोकरी धरून धंदा सुरू करून मग नोकरी सोडणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. दोन दरडींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण पलीकडची दरड पक्की आहे की नाही हे कळेपर्यंत अलीकडचा पाय काढू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

ज्यांना नोकरी सोडायचीच आहे त्यांनी घरखर्चाचा महिन्याचा खरा आकडा आधी काढा, विमा, औषधं, शाळा धरून. बहुतेकांच्या मनातला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. तितक्या रकमेचे किमान १२ महिने वेगळ्या खात्यात असल्याशिवाय राजीनाम्याचा कागद हातात घेऊ नका. आणि किती पैसे उरले की परत फिरायचं, तो आकडाही आधीच लिहून बायकोच्या किंवा नवऱ्याच्या हाती द्या. पाणी गळ्याशी आल्यावर माणसाला तो आकडा ठरवता येत नाही.

ओंजळ

काचघासू, हिशोबनीस, दोघांचेही मनापासून आभार. शनीच्या कडीचं वाचून अंगावर काटा आला.

माझ्या बाबतीत पैसा आड येत नाहीये, हे हिशोबनीसांचं वाचताना लख्ख कळलं. मग वेळ असेल म्हणून आठवडाभर वहीत वेळ मांडला. अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते, काही न लपवता. आठवड्याला साडेपाच तास असे निघाले की ज्यात मी नुसती फोन चाळत बसले होते.

म्हणजे वेळही आहे. मग पेटी का उघडत नाही? लिहायला जड जातंय, पण मला वाटतं मी घाबरते. वही कोरी आहे तोवर मी चांगली चित्रकार आहे. पहिलं पान वाईट निघालं तर ३० वर्षं जपलेली गोष्ट हातची जाईल.

आणि रंग तर गेलेच आहेत वाळून.

पानगळ

ओंजळ, शेवटून दुसरं वाक्य मी चार वेळा वाचलं. मी तुला माझी गोष्ट सांगते.

मी ४७ व्या वर्षी पोहायला शिकले. त्याआधी पाच वर्षं वर्गाची चौकशी करून परत येत होते. दरवेळी निमित्त वेगळं. खरं कारण म्हणजे त्या वेशात, या वयाच्या शरीराने, लहान लहान मुलांच्या समोर गटांगळ्या खायची लाज. पहिल्या दिवशी तलावाच्या कडेची स्टीलची दांडी इतकी घट्ट धरली होती की बाहेर आल्यावर बोटं सरळ होत नव्हती. चष्म्याचं रबर कपाळावर रुतलेलं, नाकात क्लोरिनचं पाणी. आणि माझ्या शेजारून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी सुळ्ळकन गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला तिचा श्वास सांभाळायचा होता!

टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिला असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. लोक काय म्हणतील या काळजीत आपण आयुष्य काढतो, आणि लोक त्यांच्या काळजीत असतात.

तू ज्याला 'का उघडत नाही' म्हणतेस ना, त्यावर सिरोआ आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये फार नेमकं लिहिलंय. टाळाटाळ म्हणजे वेळेचं नियोजन चुकणं नव्हे, नकोशा भावनेपासून त्या क्षणापुरती सुटका करून घेणं. पेटी माळ्यावर परत ठेवली की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. म्हणून वेळापत्रक करून तुझं भागणार नाही. पहिलं पान मुद्दाम बिघडव. खरंच सांगते. वहीच्या पहिल्या पानावर ब्रश पुसायचा, रंगांचे डाग पाडायचे. चांगलं निघण्याची जबाबदारीच त्या पानावर ठेवायची नाही.

रंगारी

मी जलरंगातच काम करते, त्यामुळे मध्ये पडते. ओंजळताई, तुमचे रंग गेलेले नाहीत!

जलरंगात रंगद्रव्य डिंकात बांधलेलं असतं, आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. वड्यांच्या रूपात मिळणारे जलरंग म्हणजे वाळलेलेच रंग की. ट्यूब ब्लेडने उभी चिरा, आवरण सोला, आतला खडा एखाद्या छोट्या झाकणात ठेवा. वर दोन थेंब पाणी टाकून दहा मिनिटं थांबा आणि ओल्या ब्रशने चोळा. एखाददुसरा रंग कणीदार होईल, बाकीचे चालतील. (ॲक्रिलिक असते तर खरंच फेकावे लागले असते. ते एकदा वाळले की संपले. ट्यूबवर नक्की काय लिहिलंय ते बघून घ्या.) बुरशी दिसली तर मात्र ती ट्यूब टाकून द्या.

उंबरठा

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, तरी एक बोलायचं आहे, कारण गप्प बसवत नाही.

वर बहुतेकांनी अडथळा मनात शोधलाय. काहींचा तो घरातल्या पलंगावर असतो. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला आणि ते सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. मी एकटी. पदव्युत्तर शिक्षण अर्धं सोडावं लागलं. त्या काळात मला कुणी रोज वीस मिनिटं काढ म्हणालं की तळपायाची आग मस्तकात जायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. त्या दोन तासांच्या तुकड्यांत झोप बसवायची की अभ्यास? मी झोप निवडली आणि ते बरोबर केलं. त्या सहा वर्षांत मी स्वप्नामागे गेले नाही याला कुणी भित्रेपणा म्हणू नये.

चौथ्या वर्षी जे थोडं सुटलं ते जिद्दीने सुटलं नाही, बोलण्याची पद्धत बदलल्याने सुटलं. आधी भावाला म्हणायचे, जरा मदत करत जा रे. तो हो म्हणायचा आणि काहीच व्हायचं नाही. मग एकदा म्हटलं, दादा, दर गुरुवारी चार ते सहा तू बाबांजवळ बसायचंस, मी घरात नसेन. कूस कशी बदलायची ते दाखवलं आणि चार वाजता खरंच दार ओढून निघाले. पहिल्या गुरुवारी त्याचे सात फोन आले. तिसऱ्या गुरुवारी एकही नाही.

काचघासूंनी दुर्बिणीचं लिहिलं म्हणून सांगते. विल्यम हर्शेल संगीतकार होता. घरी घडवलेल्या दुर्बिणीतून त्याने १७८१ मध्ये युरेनस शोधला, ते बहुतेकांना ठाऊक असतं. त्याची बहीण कॅरोलिन २२ वर्षांची होईपर्यंत आईच्या घरी धुणी-भांडी, शिवण करत होती आणि आई तिला सोडायला तयार नव्हती. १७७२ मध्ये ती निघाली ती कशी? तिच्या जागी कामाला मोलकरीण ठेवता येईल एवढ्या पैशांची सोय विल्यमने आईला करून दिली म्हणून. त्याच कॅरोलिनने १७८६ मध्ये स्वतः धूमकेतू शोधला, पुढे आणखी सात. इच्छा तिच्यात आधीही असणारच, पण तिच्या वाट्याचं काम कुणीतरी उचलल्याशिवाय तिचा पाय दाराबाहेर पडला नाही. बायकांच्या स्वप्नांबद्दल बोलताना हा हिशोब आधी मांडावा असं मला वाटतं.

वडील गेल्यानंतर मी शिक्षण पुरं केलं. वय तेव्हा ४०.

काचघासू

उंबरठाताई, तुमचं वाचून मी माझा प्रतिसाद पुन्हा वाचला. मी ज्या १४ महिन्यांबद्दल इतक्या अभिमानाने लिहिलं, त्यात रोजची ती वीस मिनिटं घर बायकोने सांभाळलं होतं. ते मी लिहिलंच नाही. आता लिहितो.

कॅरोलिन हर्शेलच्या आठवणींतही तेच आहे. आरशाला पॉलिश करताना विल्यमला हात काढता येत नसे, तेव्हा ती त्याच्या तोंडात घास भरवायची. एकदा तर सलग १६ तास त्याने हात काढला नव्हता.

हिशोबनीस

उंबरठाताई, गुरुवार चार ते सहा हे वहीत लिहून घेतलं. मदत मागायची तर वार आणि वेळेसकट मागावी.

शाईपेन

एक छोटी भर. सुरू करण्याआधी सगळीकडे जाहीर करू नका. गोलविट्झर यांचाच २००९ चा अभ्यास आहे, की आपण काय होणार ते इतरांना सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली की थोडं ते झाल्यासारखंच वाटतं, आणि प्रत्यक्ष काम कमी होतं. माझं तसं झालंय. तीन वर्षं मी कादंबरी लिहितोय असं सांगत होतो.

पानगळ

शाईपेन, चारचौघांत जाहीर करू नये हे पटलं. पण एक माणूस हवाच, जो आठवड्याने फक्त इतकंच विचारेल की या आठवड्यात काय केलंस? कौतुक नको, सल्ला नको. ओंजळ, मी विचारेन तुला. चालेल?

ओंजळ

चालेल. पळेल!

तीन आठवडे झाले म्हणून लिहायला आले. रंगारी, तुमच्या शब्दावर बाराही ट्यूब चिरल्या. दोन फेकाव्या लागल्या, दहा जिवंत निघाल्या. निळ्याच्या खड्यावर दोन थेंब टाकले आणि कडेने रंग सुटायला लागला तो मी कितीतरी वेळ बघत बसले. आपण ज्याला मेलेलं समजून रडलो ते नुसतं पाण्यावाचून बसलं होतं.

पहिलं पान बिघडवलं, पानगळने सांगितलं तसं. धाकटीला बोलावलं, दोघींनी मिळून बिघडवलं.

घरी उंबरठाताईंचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. मला चित्राला वेळ हवा, असं म्हटलं नाही. म्हटलं, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री जेवणानंतरचं स्वयंपाकघर तुमच्याकडे, मी आठ ते नऊ टेबलापाशी. 'अहो' पहिल्या मंगळवारी विसरले. मी उठले नाही. ओटा सकाळपर्यंत तसाच राहिला आणि मला फार त्रास झाला त्याचा, पण उठले नाही. शुक्रवारी त्यांनी आवरलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मात्र काल त्यांनी कुंडीतलं एक पान तोडून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मधला एक आठवडा पूर्ण बुडाला, मुलगा आजारी होता. मन खट्टू झालं, पुन्हा सगळं पहिल्यापासून असं वाटलं.

काचघासू

पहिल्यापासून अजिबात नाही. लंडनमधल्या संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता, २०१० मध्ये छापून आलाय. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. आणि मधली एखादी वेळ चुकली म्हणून घडत आलेली सवय काही मोडली नाही. आठवडा म्हणजे एका वेळेपेक्षा जास्त झाला हे खरं, पण तुमचे तर दोनच दिवस बुडाले ना, मंगळवार आणि शुक्रवार? येत्या मंगळवारी बसा.

ओंजळ

बसले.

सासूबाईंनी ठेवलेलं पान जास्वंदीचं होतं. जन्मभर बघितलेलं पान. काढायला घेतलं आणि कळलं, मी ते कधी बघितलंच नव्हतं. मी मधोमध एक शीर आणि बाजूला फांद्या असं काढून मोकळी झाले. मग भिंग घेतलं. देठ संपतो त्याच बिंदूतून तीन ठळक शिरा फुटतात, पंजासारख्या. कडेचे दातेही देठापासून सुरू होत नाहीत, खालचा भाग अगदी साधा आहे आणि दाते वर गेल्यावर येतात. खोडून पुन्हा काढलं. तासाभरात पानाची डावी कड आणि दीड शीर एवढंच झालं.

चित्र चांगलं नाहीये. पण घड्याळात नऊ वाजले तेव्हा मी चिडले, आणखी वेळ हवा होता म्हणून.

रंगारी, एक विचारायचंय. पेटीतला हिरवा लावून पाहिला तर प्लॅस्टिकचं पान वाटतं. खऱ्या पानात तो हिरवा नाहीच आहे कुठे. काय करू?

रंगारी

तयार हिरवा बाजूला ठेवा. निळ्यात पिवळा मिसळून स्वतःचा करा आणि त्यात टोकभर लाल घाला, म्हणजे त्याचा भडकपणा मोडेल. एका कागदावर पिवळा वाढवत वाढवत दहा चौकोन रंगवा, प्रत्येकाखाली प्रमाण लिहा, वाळू द्या आणि मग पान शेजारी धरून बघा. ओला असताना ठरवू नका, वाळल्यावर फिका पडतो.

ओंजळ

दहा चौकोन. शुक्रवारी करते.

पानगळ

शुक्रवारी रात्री नऊ वाजता विचारते.